वेबसाइटचे प्रस्थान

नवी वेबसाइट तयार झाल्याचे तितिर सरखेलने जाहीर केले, तेव्हा मेजोबाबूंनी चष्मा पुसला, लॅपटॉपला दुरून नमस्कार केला आणि पहिला प्रश्न विचारला, "माँ कुठे गेली?"

"वर कोपऱ्यात आहे, मेजोबाबू. बोधचिन्हात."

"लक्ष्मी? कोपऱ्यात?"

"पण आता प्रत्येक पानावर आहे. आधी फक्त पहिल्या पानावर होती."

मेजोबाबूंनी विचार केला. कोपऱ्यात, पण सगळीकडे. देवीच्या एकंदर स्वभावाला हे धरूनच वाटल्याने त्यांनी मान हलवली.

'आढ्य भक्तिभांडार' हे चितपूर रोडवरचे जुने प्रकाशन. व्रतकथा, स्तोत्रे, लक्ष्मीची पांचाली, म्हणजे तिची पद्यकथा, आणि मुख्य म्हणजे पंचांग. मालक राधाविनोद आढ्य हे घरातले दुसरे भाऊ, म्हणून मेजोबाबू. थोरले वारल्याला बरीच वर्षे झाली होती, तरी यांना बढती मिळाली नव्हती. जुनी वेबसाइट थोरल्यांच्या मेव्हण्याने केलेली. ती उघडली की आधी शंख वाजे. मग दोन्ही बाजूंना समया लागत आणि वरून कमळाच्या पाकळ्या पडू लागत. सगळ्या पाकळ्या पडून होईपर्यंत पुस्तकांच्या यादीवर बोट ठेवण्यात अर्थ नसे. त्यानंतरही एखाद्याला पुस्तक हवेच असेल, तर एक अर्ज उघडे. तो छापायचा, भरायचा आणि टपालाने पाठवायचा. गेल्या वर्षी असे तीन अर्ज आले होते. त्यांतले दोन मेव्हण्याचे होते.

पंचांगाचा धंदा मोठा नाशवंत. बंगाली पंचांगात चैत्र हा वर्षाचा शेवटचा महिना. तो संपून वैशाखाची पहिली तारीख उजाडली की नवे वर्ष सुरू, आणि तोवर ज्याने पंचांग घेतले नाही तो उरलेले वर्ष शेजाऱ्याचे बघून काढतो. म्हणून वेबसाइट त्याआधी चालू व्हायला हवी होती. तितिरला ती त्याहूनही जास्त हवी होती. नोकरी सोडून स्वतःचे काम सुरू केल्यावर मिळालेले हे तिचे पहिले गिऱ्हाईक. तिच्या बाबांनी स्पष्ट सांगितले होते, "पहिल्या वैशाखाच्या आत तुझी वेबसाइट चालू झालेली मला दिसली, तर तू म्हणशील ते. नाही दिसली तर बँकेच्या परीक्षेचा क्लास." परीक्षेची पुस्तके त्यांनी आणून ठेवलीच होती. त्यांना खाकी कव्हरेही घातली होती.

मंगळवार होता. पुढच्या मंगळवारी नवे वर्ष. कोपऱ्यातल्या लक्ष्मीला मान्यता मिळाली होती, म्हणजे आता फक्त एक बटण दाबायचे राहिले होते.

"ठाकूरमशाय," मेजोबाबूंनी हाक मारली, "मुहूर्त काढा."

ठाकूरमशाय म्हणजे पंचांगाचे गणित करणारे भटजी. दुकानातच मागच्या टेबलाशी बसून ते मुद्रिते तपासत. त्यांनी नव्या पंचांगाची प्रत उघडली, बोट जिभेला लावले आणि थांबले.

"कशाखाली काढू?"

"म्हणजे?"

"सदरं ठरलेली आहेत. विवाह, नामकरण, नांगरणी, पेरणी, होडी बांधणं, विहीर खणणं, दुकान उघडणं. वेबसाइट असं सदर नाही."

"दुकान उघडणं," तितिर म्हणाली. "हे दुकानच आहे."

"चैत्रात नवं दुकान उघडतात का?" ठाकूरमशायांनी तिच्याकडे सहानुभूतीने पाहिले. तिथल्या वडीलधाऱ्यांच्या रीतीने ते मुलींना 'मा' म्हणत. "शिकलीस कुठं गं मा तू?"

"जादवपूर विद्यापीठात."

"तरीच."

"होडी चालेल का?" मेजोबाबूंनी विचारले.

"ती पाण्यावर तरंगते का?" ठाकूरमशायांनी तितिरला विचारले.

"नाही."

"मग होडी नाही."

इथे तितिरने चूक केली. ती गप्प बसली असती तर दोघांनी संध्याकाळपर्यंत विहिरीवर एकमत केले असते. पण तिला वाटले, समजावून सांगावे. "अहो, नवीन काही सुरूच होत नाहीये. वेबसाइट तर तयार आहे. ती फक्त इथून निघून मुंबईच्या सर्व्हरवर जाणार. बास."

ठाकूरमशायांनी पंचांगातून मान वर काढली.

"इथून निघून?" ठाकूरमशाय म्हणाले.

"मुंबईला?" मेजोबाबू म्हणाले.

"म्हणजे प्रवास!" दोघे एकदम म्हणाले आणि त्यांचे चेहरे उजळले. प्रवासाला चैत्राची आडकाठी नव्हती.

आडकाठी पश्चिमेची होती. मुंबई पश्चिमेला. ठाकूरमशायांचे बोट वारांवरून फिरू लागले. गुरुवारी लक्ष्मी घराबाहेर काढत नाहीत. शुक्रवारी पश्चिमेला जायचे नाही. शनिवारी अमावास्या. रविवारी पुन्हा पश्चिम बंद. सोमवारी वर्षअखेरची चैत्रसंक्रांत, त्या दिवशी शहाणा माणूस उंबरा ओलांडत नाही.

"उद्या बुधवार मोकळा आहे," ठाकूरमशाय म्हणाले.

"उद्या नाही जमणार," तितिर म्हणाली. "नव्या पंचांगाचं मुखपृष्ठच छापून आलेलं नाही. शुक्रवारी येणार. त्याच्या फोटोशिवाय विकायचं काय?"

"अगं, मग प्रस्थान ठेवू!" मेजोबाबू म्हणाले. "आमचे आजोबा काशीला जाताना काय करायचे? चांगल्या मुहूर्तावर एक पंचा आणि सुपारी शेजारच्या घरी नेऊन ठेवायचे. झालं निघणं. मग सामान बांधा, जेवा, झोपा, कुठल्याही वारी जा. मुहूर्त लागत नाही."

"सगळं सामान लागत नाही?"

"पंचा पुरतो."

तितिरने अर्धवट वेबसाइट पेनड्राइव्हवर उतरवून दिली. ठाकूरमशायांनी ती दूर्वा, हळकुंड आणि सुपारीबरोबर लाल कापडात बांधली. बांधताना ते म्हणाले, "घर मात्र जायच्या दिशेचं हवं. पश्चिमेचं."

मेजोबाबूंचा चेहरा उतरला. दुकानाच्या पश्चिमेला ट्रामचे रूळ होते. रुळांपलीकडे 'शील ब्रदर्स, पंचांग व धार्मिक पुस्तके' होते. त्यापलीकडे गंगा.

आढ्य आणि शील यांची पंचांगे वेगवेगळ्या गणितांची. एकाची तिथी दुसऱ्याशी जुळत नसे. धंद्यात हे चालायचेच. पण शीलांची बहीण आढ्यांच्या घरात दिलेली. एका वर्षी एकादशी दोन पंचांगांत दोन दिवशी आली. त्या बिचारीने माहेरचा मान राखून पहिल्या दिवशी उपास केला, सासरचा मान राखून दुसऱ्या दिवशी केला आणि तिसऱ्या दिवशी इतकी जेवली की डॉक्टर आणावा लागला. डॉक्टरला कारण म्हणून कोणाची एकादशी सांगायची यावरून जे भांडण झाले, तेव्हापासून रुळांच्या या बाजूचे त्या बाजूशी बोलत नव्हते.

"तू जा," मेजोबाबू तितिरला म्हणाले. "तू कुठल्याच पंचांगाची नाहीस."

बुधवारी ती मुहूर्तावर रूळ ओलांडून गेली, तेव्हा ननीगोपाल शील गादीवर बसून डाब पीत होते. त्यांनी तितिरचे म्हणणे शहाळे खाली न ठेवता ऐकून घेतले.

"प्रवासी कोण?"

"वेबसाइट, शीलबाबू."

"कुठं चाललीय?"

"मुंबईला."

"एकटीच?" शीलबाबूंनी सुस्कारा सोडला. "दिवस कसे आलेत. आणि माझ्याकडेच का?"

"पश्चिमेला तुम्हीच आहात."

हे वाक्य शीलबाबूंना फार आवडले. "त्या राधाविनोदला सांग, आमच्या पंचांगात शुक्रवारी पश्चिम सकाळपर्यंतच बंद असते. नंतर उघडते. आमचं घेतलं असतंस तर हा खटाटोप नसता. पण आलेलं प्रस्थान परत पाठवू नये. वाटेत पोरीचं काही झालं तर पाप माझ्या माथी." त्यांनी लाल पुडके गणपतीपुढच्या फळीवर ठेवले आणि तितिरच्या हातावर संदेश ठेवला. मिठाई देताना ते कोणाच्या बाजूचे कोण हे पाहत नसत.

शुक्रवारी मुखपृष्ठ आले. फोटो काढून, चढवून तितिरची वेबसाइट पुरी झाली. ती उठून बोटे मोडते न मोडते तोच ठाकूरमशाय रुळांकडे बघत म्हणाले, "शीलांनी दाढी केलेली नाही."

चंदननगरला शीलबाबूंचे चुलत चुलते वारले होते. वय सत्त्याण्णव. त्यामुळे मृत्यूत धक्कादायक असे काही नव्हते, वेळ सोडली तर. शील कुटुंबाला सुतक आले. घराला आले, दुकानाला आले. आणि दुकानात गणपतीपुढच्या फळीवर जे काही होते, त्यालाही आले.

"वेबसाइटला सुतक?" तितिर म्हणाली.

"त्यांच्या छपराखाली होती ना? मग? त्यांच्या श्राद्धापर्यंत हलायचं नाही."

"मेजोबाबू, माझ्या लॅपटॉपवर तीच वेबसाइट आहे. उलट ही पूर्ण आहे. ती तर अर्धवट आहे."

"हो. पण ती अर्धवट असली तरी निघालेली आहे. ही पूर्ण असली तरी घरीच आहे."

"दोन्ही एकच आहेत!"

"तुझ्या मावशीच्या जुळ्या मुली एकसारख्याच ना? मग एकीची वरात निघाल्यावर दुसरीला सासरी पाठवतात का?"

तितिरची मावशी अविवाहित होती, पण हा मुद्दा गौण होता. तिच्या डोळ्यांपुढे खाकी कव्हरे आली. संध्याकाळी घरी बाबांनी सहज विचारावे तसे विचारले, "दिसली का चालू? नाही ना? तसं नव्हे, क्लासवाल्यांचा फोन आला होता. खिडकीजवळची जागा शिल्लक आहे म्हणे."

शनिवारी ती ठाकूरमशायांच्या टेबलापुढे जाऊन बसली. "ठाकूरमशाय, सुतक कशाकशाला लागत नाही ते सांगा."

असा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता. सगळे लागते काय तेवढेच विचारत. त्यांनी डोळे मिटले. "मीठ. मध. दूध. फुलं. फळं. लाकूड. गवत."

"प्लास्टिक?"

"शास्त्र जुनं आहे, मा."

"आणखी?"

"विक्रीला मांडलेला माल. तो सदैव शुद्ध." आणि मग ठाकूरमशायांनी डोळे उघडले.

तितिर तोवर रूळ ओलांडून गेली होती.

शीलबाबू घोंगडीवर बसले होते. केस विस्कटलेले, समोर केळे. सगळे ऐकल्यावर त्यांनी प्रथम स्वतःचा विचार केला. "म्हणजे आमची पंचांगंही शुद्धच? आमचा भटजी तर विकू नका म्हणत होता. ऐन चैत्रात! ठाकूरमशाय म्हणाले ना असं? बरा माणूस आहे, चुकीच्या दुकानात बसतो एवढंच." त्यांनी नोकराकडून लाल पुडके फळीवरून काढवले आणि गल्ल्याशेजारी, उदबत्त्या आणि पंचांगांच्या मध्ये मांडायला लावले. "आता हा माल झाला. राधाविनोदला म्हणावं, ये आणि विकत घे. त्यानं स्वतः यायला हवं. माल हातात घेऊन बघितल्याशिवाय घेऊ नये."

मेजोबाबू रविवारी सकाळी आले. रूळ ओलांडले, पण पायरी चढले नाहीत. पायरीपासून घोंगडीपर्यंत चार हातांचे अंतर होते. मध्ये तितिर उभी राहिली.

"त्यांना विचार, केवढ्याला?"

"त्याला सांग, एक रुपया."

"म्हणावं, धंद्यातला माणूस धंद्यातल्या माणसाला पंचवीस टक्के सूट देतो."

"एका रुपयात?" तितिरने विचारले.

"तत्त्व आहे, मा."

"सांग त्याला, दिली सूट. पण मी माल पाहिल्याशिवाय विकत नाही. काल नातवाकडून उघडून घेतला." शीलबाबूंनी केळे बाजूला ठेवले. "बाकी सगळं छान आहे. कसलाही आवाज नाही, पाकळ्या नाहीत. पण त्यात एकादशी चुकीची आहे."

"चुकीची?" मेजोबाबू एक पायरी चढले.

"आणि चुकीची एकादशी माझ्या दुकानातून विकली जाणार नाही. बापाच्या नावाचं दुकान आहे."

"त्यांना म्हणावं, चूक त्यांची आहे!"

"ऐकू येतं त्यांना, मेजोबाबू," तितिर म्हणाली.

"मला ऐकू येतं, पण मी ऐकत नाही," शीलबाबू म्हणाले. "माझं पंचांगही त्यावर राहील. तारखेपुढं आमची तिथी, आमचं पंचांग तिथंच विकायला. मगच माल हलेल. नाहीतर चुलत्यांचं श्राद्ध होऊ दे. घाई मला नाही."

मेजोबाबूंनी मागे वळून आपल्या दुकानाकडे पाहिले. दारात नव्या पंचांगांचे गठ्ठे डोक्याएवढे उभे होते. मंगळवारनंतर त्यांत पुऱ्या बांधाव्या लागल्या असत्या.

"लहान अक्षरात," ते म्हणाले.

"सारख्या अक्षरात."

"खाली."

"शेजारी. आणि उजवीकडं."

"उजवीकडं आम्ही!"

"दोन रकाने करते," तितिर घाईघाईने म्हणाली. "पान उघडेल तेव्हा दर वेळी बाजू बदलतील. एकदा हे उजवीकडं, एकदा ते."

यावर दोघेही विचारात पडले. दुसऱ्याला निम्मा वेळ उजवी बाजू मिळणार, हे दोघांनाही टोचत होते. पण दुसऱ्याला निम्मा वेळ डावी बाजू मिळणार, हे त्यांना गोड वाटत होते. गोडी जिंकली. मेजोबाबू शेवटची पायरी चढून आत आले, रुपया ठेवला, सूट म्हणून चार आणे परत मागितले आणि चार आण्याचे नाणे आता चालत नाही हे कळल्यावर त्याबद्दल एक संदेश घेतला.

तितिरने सोमवार दुपारपर्यंत दुसरा रकाना भरला. पंचांगांचे मतभेद इतके होते, की एकाच्या तिथ्या चढवताना दुसऱ्याच्या उतरवतोय असे तिला वाटत होते. मग तिने आपल्या मनाने एक लहानसे बटण टाकले, 'दोन्ही पंचांगांनुसार शुभ दिवस'. गिऱ्हाइकाची सोय व्हावी एवढाच तिचा हेतू होता.

प्रस्थान ठेवलेला प्रवासी मागे फिरत नाही. त्यामुळे वेबसाइट शीलांच्या दुकानातूनच निघणे भाग होते. शीलांच्या संगणकाला पेनड्राइव्ह लावला. मुखपृष्ठ आणि दुसरा रकाना हे मागाहून येणारे सामान म्हणून ठाकूरमशायांनी मंजूर केले. संगणक पूर्वेकडे तोंड करून होता, तो फिरवला. कोणी मागून हाक मारू नये म्हणून सगळ्यांचे फोन बंद केले. ठाकूरमशाय "दुर्गा, दुर्गा" म्हणाले आणि तितिरने बटण दाबले. पडद्यावर निळी पट्टी सरकू लागली.

"कुठवर पोचली?" मेजोबाबूंनी विचारले.

"तीस टक्के."

"म्हणजे बिलासपूर यायचंय अजून," शीलबाबू घोंगडीवरून म्हणाले.

पट्टी साठावर आली आणि थांबली.

"काय झालं?"

"काही नाही, इंटरनेट जरा मंद आहे."

"नागपूर आहे," मेजोबाबू म्हणाले. "नागपूरला गाडी थांबतेच. जेवण घेतात."

"संत्री घेतात," शीलबाबू म्हणाले. एकादशीनंतर थेट एकमेकांशी बोललेले त्यांचे हे पहिले वाक्य, पण ते दोघांच्याही लक्षात आले नाही. दोघे पट्टीकडे बघत होते. नागपूर सुटले. भुसावळ गेले. पट्टी शेवटाला टेकली, तसे मेजोबाबूंनी हात जोडले आणि विचारले, "उतरवून घ्यायला कोणी आलंय ना तिथं?"

वेबसाइट संक्रांतीच्या संध्याकाळी चालू झाली. एका दिवशी एका पंचांगात पश्चिम बंद असली, तर दुसऱ्यात उघडी असे. एकात लग्नाला दिवस नसला, तर दुसऱ्यात असे. लोकांना कायम हवे होते ते हेच. ज्याला जायचे त्याला जायचा दिवस मिळू लागला आणि ज्याला टाळायचे त्याला टाळायचा. मागण्या येऊ लागल्या, त्या बहुतेक दोन्ही पंचांगांच्या. दारातले गठ्ठे कमरेएवढे झाले, मग गुडघ्याएवढे.

नववर्षाच्या सकाळी तितिरने लॅपटॉप बाबांपुढे ठेवला. बाबांनी वेबसाइट वरपासून खालपर्यंत पाहिली. कोपऱ्यातल्या लक्ष्मीला नमस्कार केला.

"चालू आहे," ते म्हणाले.

"मग ठरल्याप्रमाणे?"

"हो, म्हटलं होतं मी तसं. छानच केलंयस. म्हणजे बुद्धी आहे तुला. मग परीक्षा दिली तर बिघडतं कुठं? बुद्धी वाया घालवू नये माणसानं."

"बाबा!"

"ओरडू नकोस सणाच्या दिवशी. मी जबरदस्ती करत नाहीये. क्लासला नाव घालायचं ते नीट, चांगला दिवस बघून घालू. तुझ्याच वेबसाइटवर बघतो, मग तर झालं?"

तितिर आईने तळलेल्या लुच्या, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, आणायला आत गेली. बाबांनी चष्मा सरसावला. ते सावध गृहस्थ होते. दोन डॉक्टर एकच औषध देईपर्यंत ते गोळी घेत नसत. त्यांनी रकान्यांमधून वाट काढण्यापेक्षा खालचे लहान बटण दाबले.

वैशाखात एकही दिवस निघाला नाही. ज्येष्ठ कोरडा गेला. आषाढात एक दिवस होता, पण तो फक्त विहीर खणण्याला. श्रावणात दोन्ही पंचांगांचे एकमत होते, पण ते काहीही करू नये याबद्दल. भाद्रपदात शुभकार्य करत नाहीत. लुच्या निवल्या. बाबा आश्विनात शिरले, बाहेर आले, कार्तिकात गेले.

"सापडला!" ते अखेर ओरडले. "मार्गशीर्षात! विद्यारंभ, दोन्हीकडं उत्तम! दिवसभर!"

तितिरने वाकून तारीख पाहिली आणि मग भिंतीवर बाबांनीच चिकटवलेले परीक्षेचे वेळापत्रक पाहिले. तो मुहूर्त परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशीचा होता.